जाड तिरपं

"वसुधा गेली गं," अनंतकाका फोनवर म्हणाले, आणि त्याच दमात, "आणि त्या पुस्तकाचं आता काय करायचं?" मी कामावर होते. एका लग्नपत्रिकेतली मामांची नावं वयाप्रमाणे लावत होते, कारण आदल्या खेपेला धाकटे मामा वर छापले गेले म्हणून पत्रिका परत आली होती. काकांच्या कोणत्या वाक्याला आधी उत्तर द्यावं ते मला कळेना. "येते मी," एवढंच म्हणाले आणि निघाले. रिक्षात बसल्यावर रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात पुस्तकच फिरत राहिलं, आणि त्याची लाज वाटत राहिली. आता कित्येक आठवडे झाले, तरी मॅडमची आठवण आली की पाठोपाठ ते पुस्तक येतं. दोन्ही वेगळी काढता येत नाहीत, म्हणून एकत्रच लिहिते.

वसुधा मॅडम अक्षरं काढायच्या. पाटीवरची नव्हेत. मोबाइलवर, वर्तमानपत्रात, पुस्तकात आपण जी अक्षरं वाचतो, ती कुणीतरी बसून एकेक आखलेली असतात. ते त्यांचं काम. नाशिकला कॉलेजात त्या आम्हाला आठवड्यातून एकदा शिकवायला यायच्या. मी पेठजवळच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकले, आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. कमर्शियल आर्ट म्हणजे काय हे मला प्रवेश घेतल्यावर समजलं. घरी तर अजून समजलेलं नाही; वडील पाहुण्यांना सांगतात, "पोरगी नाशकात अक्षरं शिकती," आणि पाहुणे विचारतात, "म्हंजी अजून पहिलीतच हाय का?"

पहिल्याच वर्षी मॅडम आम्हाला देवळाली कॅम्पला घेऊन गेल्या. त्यांचं बालपण तिथलं, वडील लष्करात कारकून होते. आम्हाला वाटलं, रणगाडे बघायला मिळतील. मॅडम बाजारात शिरल्या आणि एका मिलिटरी टेलरच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. वर इंग्रजी पाटी होती, जाडजूड अक्षरांची, आणि सगळी अक्षरं उजवीकडे कललेली. मॅडम मान वर करून बघत राहिल्या, म्हणून आम्हीही बघत राहिलो. शेवटी आतून टेलर ओरडला, "मॅडम, माप द्यायचंय की नुसता बोर्ड बघायचाय? माप द्यायचं नसेल तर जरा बाजूला व्हा, जवान लोक बाहेरच थांबलेत." मॅडम म्हणाल्या, "बोर्डच बघायचाय. दुकानापेक्षा तोच चांगला शिवलाय." टेलर आधी रागावला आणि मग त्याने आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

त्या पाटीखाली उभं राहून त्यांनी जे सांगितलं, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "पाय बघा अक्षरांचे," त्या म्हणाल्या. "चौकोनी, ठोकळ्यासारखे. याला म्हणतात स्लॅब सेरिफ. म्हणजे बूट घातलेलं अक्षर. उभं असतं तेव्हा परेडला उभं राहिल्यासारखं, दोन्ही बूट जमिनीवर, हलायचं नाव नाही. आता हेच तिरपं केलं की काय होतं? मागचा बूट उचलला जातो." आणि त्यांनी भर बाजारात स्वतःची चप्पल उचलून दाखवली. खरोखरच त्या पाटीवर अक्षरांच्या मागच्या बाजूचे ठोकळे काढून टाकलेले होते, पुढचे तेवढे ठेवले होते. मग आम्हाला ते सगळीकडे दिसायला लागलं: ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ट्रकवर, क्रिकेटच्या टी-शर्टवर, सेलच्या कापडी फलकावर, कोचिंग क्लासच्या जाहिरातीत. "ज्याला वजनही दाखवायचंय आणि घाईही, त्याला हे अक्षर लागतं," मॅडम म्हणाल्या. एका मुलाने विचारलं, "आणि पुस्तकात?" पुस्तकात त्याचं काम वेगळंच असतं, असं त्या म्हणाल्या. परका शब्द आला, कुणाच्या मनातलं आलं, गोष्टीत एखादं पत्र आलं, की ते तिरपं. "म्हणजे हे आपलं नाही असं सांगायला, की हे जरा वेगळ्या आवाजात वाचा असं सांगायला?" मी विचारलं. मी वर्गात सहसा बोलत नसे. मॅडमनी परत पाटीकडे पाहिलं. "तेच तर मला कळत नाही गं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, शिक्षिका आहेत, नम्रपणाने म्हणत असतील. पण त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी त्यावरच घालवली.

पदवी झाल्यावर मी नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी मॅडमकडे जाऊ लागले. त्यांच्या घराची मागची खोली म्हणजे त्यांचा स्टुडिओ. तिथे त्या मराठीसाठी तसंच अक्षर करत होत्या, बूट घातलेलं, आणि त्याचंच तिरपं भावंड. मराठीत तिरप्याची रीत नाही. संगणकाला सांगितलं तर तो अक्षर सरळ एका बाजूला ढकलतो. मॅडमना त्याचा भयंकर राग. "हे ढकललेलं आहे. मला चाललेलं पाहिजे," त्या म्हणायच्या. अडचण अशी की आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा. ती आडवीच राहते आणि तिच्याखाली सगळं कलतं, त्यामुळे दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडाल्यासारखं दिसतं. मग त्यांनी एकेक अक्षर नव्याने आखलं. कान्याच्या तळाशी फक्त पुढच्या बाजूला ठोकळा ठेवला. 'अ' हात न उचलता काढल्यासारखा एका ओघात वळवला. छापून काढलेले नमुने त्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर फरशीला चिकटवायच्या, म्हणायच्या, "टेबलावर सगळीच अक्षरं शहाणी दिसतात. फोडणी देताना नजर गेली की खरं काय ते कळतं." आमच्या बऱ्याच 'ळ'वर तेलाचे डाग असायचे. अनंतकाका, म्हणजे मॅडमचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "नवरा सरळ मिळाला, म्हणून हिने अक्षरं वाकडी करायला घेतली." आणि मॅडम आतून म्हणायच्या, "अहो, सरळ कसले, तुम्ही नुसते उभे आहात. दळण आणायला सांगितलंय सकाळपासून." त्या अक्षराला त्यांनी शेवटपर्यंत नाव दिलं नाही. फाईलवर फक्त 'जाड' आणि 'जाड तिरपं'.

मग ते पुस्तक आलं. डोंगरातल्या शाळांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला पहिलीच्या मुलांसाठी वाचनाचं पुस्तक करायचं होतं. प्रत्येक पानावर वर मुलांच्या घरच्या बोलीतली ओळ, खाली तीच ओळ आपल्या पुस्तकी मराठीत. 'माना घर डोंगरवर आहा', आणि खाली 'माझं घर डोंगरावर आहे'. पाड्यापाड्याला बोली थोडी बदलते, पण हे वाक्य आमच्याकडचं कुणीही वाचेल. संस्थेचे शिरीष सर मॅडमकडे आले. दोन्ही ओळी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून मॅडमनी आपलं अक्षर देऊ केलं, एक ओळ उभी, एक तिरपी. कोणती उभी आणि कोणती तिरपी, यावर फार चर्चा झालीच नाही. शिरीष सर म्हणाले, "मराठी उभी. बोली तिरपी. तशीच पद्धत असते ना?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सुमन, तुझी बोली आहे. तुला काय वाटतं?" मी मनापासून सांगितलं की मला तिरपं अक्षर जास्त आवडतं, तेव्हा आमची बोली त्यात असली तर बरंच आहे. मॅडम म्हणाल्या, "आवडतं म्हणून?" मी म्हटलं, "हो." त्यांनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची, ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्याच सुमारास माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला आली आणि मॅडमनी हट्टाने तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आईला वाचता येत नाही. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मॅडमनी उत्साहाने दोन पानं तिच्यापुढे धरली.

"काकू, बघा बरं. ही कशी दिसतात?"

"मला काय त्यातलं कळतंय, बाई."

"वाचू नका. नुसतं बघा."

आईने पान लांब धरलं, जवळ धरलं. "ही उभी हायेत," ती म्हणाली. "आन ही निंघालीत. डोक्यावर मोळी घेऊन निंघाल्यागत."

मॅडम एकदम पुढे सरकल्या. "कुठे निघालीत?"

"कुठं म्हंजी? कामाला. द्राक्षाच्या बागांत नाय का जात आमची मानसं?"

"मग तुम्हाला कोणती बरी वाटतात?"

"ही. निंघालेली." आईने तिरप्यावर बोट ठेवलं. "ही जिती वाटत्यात. ती तं साहेबावानी उभी. कोनाची वाट बघत्यात काय म्हाईत."

मॅडम पोट धरून हसल्या. संध्याकाळी काकांना सगळं सांगताना परत हसल्या, आणि मग जेवताना एकदम गप्प झाल्या. आई मला हळूच म्हणाली, "मी काय वंगाळ बोलले का गं?" मी म्हटलं, नाही. पण त्या कशाने गप्प झाल्या, ते मलाही सांगता आलं नसतं.

मॅडमचा आजार कळला तो त्यानंतर. सांगण्यासारखं त्यात फार नाही. ज्यांच्या घरी झालाय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना कळूही नये. मॅडम दवाखान्यातही मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायच्या. औषधांनी गुंगी यायची. कधी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या, कधी नर्सला विचारायच्या, "तुमच्या बिल्ल्यावरचं अक्षर कुणी लावलं हो, इतकं दाटीवाटीने?" शेवटची भेट झाली तेव्हा त्या बऱ्या होत्या. निदान मला तसं वाटलं. उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुमन, तिरपं झालं एकदाचं. आता कुणाला चालायला लावायचं, तेवढं बघ." मी विचारलं, "म्हणजे काय, मॅडम?" त्या म्हणाल्या, "बघ म्हटलं ना..." आणि नर्स सलाइन बदलायला आली. मी बाहेर थांबले, आणि परत आत गेले तेव्हा त्यांना झोप लागली होती.

त्या गेल्यावर तेरावं वगैरे उरकलं, आणि काकांनी मला मागची खोली उघडून दिली. पुस्तकाची शेवटची फाईल मी उघडली आणि बघतच राहिले. सगळं उलटं होतं. आमची बोली उभी होती, दोन्ही बूट जमिनीवर रोवून, आणि तिच्याखाली पुस्तकी मराठी तिरपी.

आता हे समजून घ्यायला हवं की असं व्हायला फार काही लागत नाही. संगणकात वरच्या ओळीला एक साचा, खालच्या ओळीला दुसरा. दोन्ही साच्यांच्या अक्षरांची अदलाबदल झाली की सगळं पुस्तक एका झटक्यात उलटतं. थकलेल्या हाताकडून, गुंगीत, सहज होईल अशी चूक. आणि एक पान तर जुन्यासारखंच राहिलं होतं, 'मानी आयीस', म्हणजे 'माझी आई', हे पान. हेतूने केलं असतं तर मॅडमनी एक पान सोडलं असतं का? त्या शिरोरेषेतला केसाएवढा फरक पकडायच्या. पण दुसरीकडे, उलट्या केलेल्या पानांवर ओळी जिथे तुटतात त्या जागा हाताने नीट बसवलेल्या होत्या. चुकून झालं असतं तर त्यांच्या ते लक्षात आलं नसतं का? की लक्षात न येताच त्यांनी सवयीने ओळी बसवल्या? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "मला ती भाजीत मीठ का कमी घालते तेही कधी कळलं नाही. तू मला अक्षराचं विचारतेस?" आणि डोळे पुसत चहा टाकायला गेले.

फाईल उलटी आहे असं मी शिरीष सरांना कळवलं, तेव्हा त्यांचा फोन आला. "गोळ्यांचा परिणाम असणार गं," ते हळुवारपणे म्हणाले. "त्यांना दोष नाही देत मी. पण तू ते पूर्वीसारखं कर आणि पाठवून दे. प्रेसवाला थांबलाय." त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, आणि ते मला खोडता येईना. पोरांना मराठी नवीन, अक्षरं नवीन. त्यात मराठीचीच ओळ तिरपी दिली तर ती अडखळणार नाहीत का? आश्रमशाळेत मी स्वतः 'आहे' वाचताना कशी अडखळायचे, ते मला आठवत होतं. मी फाईल पूर्वीसारखी केली. पानं बघितली. सगळं नेहमीसारखं, बरोबर दिसत होतं. मराठी घरमालकिणीसारखी उभी आणि आमची बोली तिच्या अंगणातून निघालेली. आईला हेच आवडलं होतं. मलाही हेच आवडलं होतं. मग मी परत उलटं केलं. आता पोराला पहिल्या ओळीत आपलं घर उभं दिसत होतं, आणि ज्या भाषेत पुढे शाळेला, नोकरीला, नाशिकला जायचं, ती निघालेली. हेही बरोबर दिसत होतं. मी असं किती वेळ करत बसले कुणास ठाऊक. मॅडम असत्या तर विचारलं असतं, आणि त्या म्हणाल्या असत्या, "तेच तर कळत नाही गं."

एक गोष्ट मात्र हळूहळू ध्यानात आली. पूर्वीसारखं केलं तर ती पद्धत होती, कुणालाच विचारायची गरज नव्हती, आणि मॅडमच्या नावावर एक शेवटची चूक लागली असती, गोळ्यांमुळे झालेली, आपण प्रेमाने सुधारलेली. लोक असंच सांगत राहिले असते. उलटं ठेवलं तर... तर ते मॅडमचं होतं की नव्हतं, ते मला कधीच कळणार नव्हतं. म्हणजे ते मला माझंच म्हणून ठेवावं लागणार होतं. मी राहिलेलं 'मानी आयीस'चं पान बदलून बाकीच्यांसारखं केलं आणि शिरीष सरांना फोन लावला.

"उलटंच पाठवतेय, सर."

"मॅडमनी तसं सांगितलं होतं का?"

"नाही. मी सांगतेय."

"आणि शाळांकडून तक्रार आली तर?"

"माझं नाव सांगा."

"सुमन, मला हे पटलेलं नाही."

"मलाही सगळं पटलेलं नाही, सर," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. "पण बोली उभी राहू दे."

शिरीष सर चांगले आहेत. त्यांनी कपाळाला हात लावला असणार, पण पुस्तक तसंच छापलं. शाळांमध्ये आता पोचलंय. एका शिक्षकांनी कळवलं की मुलं तिरप्या ओळीवर बोट ठेवून मान वाकडी करतात. दुसऱ्या शाळेतून कळलं की एका मुलीने पुस्तक घरी नेलं आणि परत आणेना. यातलं कशावरून काय ठरवायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. ज्या बाईने मला अक्षराकडे बघायला शिकवलं, पहिलं काम दिलं, माझ्या आईला आपल्या घरात पथ्याचं करून वाढलं, तिच्या मनात शेवटी काय होतं हे मला सांगता येत नाही, याचं मात्र वाईट वाटतं. कधी वाटतं, त्यांनी माझ्यावर सोपवलं. कधी वाटतं, त्यांनी काहीच सोपवलं नाही, मीच घेतलं.

पुस्तकाची प्रत घेऊन मी काकांकडे गेले. ते मागच्या खोलीतच बसले होते. हल्ली दुपारी तिथेच बसतात, मॅडमच्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर. पुस्तक त्यांनी चाळलं, चष्मा लावला, परत चाळलं. "वरचं मला वाचता येतं, पण म्हणता येत नाही," ते म्हणाले. "कसं म्हणतात हे? म्हणून दाखव बघू." इतकी वर्षं मी त्या खोलीत येत होते, पण मॅडमसमोर वाक्य मनात आधी जुळवून मगच बोलायची. आमची बोली मी तिथे एकदाही बोलले नव्हते. मी म्हटलं, "माना घर डोंगरवर आहा." काका हसले. "अगं, तू घरी अशी बोलतेस?" "हो." मग त्यांनी खालची ओळ वाचली, बँकेतली सूचना वाचावी तशी, खणखणीत. पुढच्या पानावर मी वरची वाचली, त्यांनी खालची. असं करत आम्ही जवळजवळ सगळं पुस्तक वाचलं. मोठ्याने वाचताना कोणती ओळ उभी आणि कोणती तिरपी, ते काही ऐकू येत नव्हतं. मध्ये एकदा काकांनी मॅडमच्या खुर्चीकडे पाहिलं, खाकरले, पान उलटलं आणि थांबले. वरची ओळ माझी होती.